सरकत्या वाळूवरची मिळकत

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्याला समांतर, मेक्सिकोच्या आखातात पसरलेल्या गॅल्व्हेस्टन बेटाची लांबी सुमारे ४३ किलोमीटर असली, तरी रुंदी जेथे सर्वाधिक आहे तेथेही ती जेमतेम ५ किलोमीटर भरते. अशा बेटाला भूगोलात रोधक बेट म्हणतात. लाटा, प्रवाह आणि वारा यांनी आणून टाकलेल्या वाळूचा हा लांबट दांडा उथळ खाडीमुळे मुख्य भूमीपासून वेगळा झालेला असतो आणि खुल्या समुद्राचा मारा स्वतः झेलून मागच्या किनाऱ्याला आडोसा देतो. मुरुडचा जंजिरा किंवा मालवणचा सिंधुदुर्ग ज्या बेटांवर उभा आहे ती खडकाची आहेत; रोधक बेटाला असा खडकाचा पाया लाभलेला नसतो. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढण्याचा वेग मंदावल्यावर वाळू साचत जाऊन गॅल्व्हेस्टन आकाराला आले, आणि ती वाळू अजूनही एका जागी बसलेली नाही: वादळात पुढच्या अंगाची पुळण उचलली जाते, तिचा काही भाग बेट ओलांडून खाडीच्या बाजूला जाऊन पडतो, काही भाग किनाऱ्याला धरून दुसरीकडे वाहून जातो, आणि शतकानुशतके पाहिले तर संपूर्ण बेटच हळूहळू जागा बदलताना दिसते. या वाळूचे चौकोनी तुकडे आखून, त्यांना क्रमांक देऊन, १८३८ पासून त्यांची खरेदीविक्री चालू आहे. वाळू हलती आणि सातबारा मात्र स्थिर, असा हा व्यवहार असून, बेटावर घर घेणाऱ्याला पडणारे बहुतेक सर्व प्रश्न, मग ते कायद्याचे असोत, विम्याचे असोत वा बांधकामाचे, याच विसंगतीतून निघतात.

तरीही घरे विकली जातात आणि चांगल्या भावाने विकली जातात, याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पर्यटनाच्या जाहिरातींतला निळाशार समुद्र हे त्यांपैकी एक नाही, कारण गॅल्व्हेस्टनचे पाणी बहुतेक दिवस मातकट असते. आखाताला मिळणाऱ्या नद्यांचा बारीक गाळ त्यात तरंगत राहतो, आणि उन्हाळ्यात सारगासम नावाच्या तरंगत्या शेवाळाचे तपकिरी ढीग किनाऱ्यावर येऊन कुजतात. खरे आकर्षण हवेचे, अंतराचे आणि मोकळ्या क्षितिजाचे आहे. ह्यूस्टन हे अमेरिकेतील लोकसंख्येने चौथ्या क्रमांकाचे महानगर तेथून सुमारे ८० किलोमीटरवर असून त्या दमट, काँक्रीटमय, वाहनांनी गजबजलेल्या शहरातून निघालेले कुटुंब तासाभरात खाडीवरचा लांब पूल ओलांडून वाऱ्याच्या झुळकीत येऊन पोहोचते. जुलै-ऑगस्टच्या दुपारी ह्यूस्टनमध्ये अंगाची लाही होत असताना बेटावरचे तापमान आखाताच्या वाऱ्यामुळे काही अंशांनी कमी असते आणि संध्याकाळी ओसरीत बसणे शक्य होते. वसंत ऋतूत मध्य अमेरिकेकडून आखात ओलांडून आलेले स्थलांतरित पक्षी थकून याच बेटावर उतरतात, त्यामुळे पक्षीनिरीक्षकांच्या नकाशावरही त्याचे स्थान ठळक आहे. पूर्वेकडे बोलिव्हर द्वीपकल्पाकडे जाणारी, मोटारींसह माणसांना फुकट पलीकडे नेणारी सरकारी फेरीबोट, तिच्या मागे लागणारे समुद्रपक्षी आणि अधूनमधून दिसणारे डॉल्फिन हा तर रहिवाशांच्या रोजच्या दळणवळणाचा भाग आहे. बेटावर जन्मलेले लोक स्वतःला ‘बीओआय’ म्हणवतात आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले ‘आयबीसी’, म्हणजे स्वेच्छेने बेटकर झालेले. या दोन आद्याक्षरांतला सौम्य अहंकार पाहिला म्हणजे येथे घर असणे ही मिळकतीइतकीच ओळखीची बाब आहे, हे ध्यानात येते.

या ओळखीच्या मुळाशी एक आपत्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅल्व्हेस्टन हे कापसाच्या निर्यातीवर श्रीमंत झालेले, सुमारे ३८ हजार वस्तीचे बंदर होते. तेथील स्ट्रँड या रस्त्यावरच्या पेढ्या आणि वखारी संपूर्ण प्रदेशाची उलाढाल सांभाळत. शहराचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून ९ फुटांहूनही कमी उंचीवर होता. संरक्षक भिंतीची चर्चा अधूनमधून होत असे, पण १८९१ मध्ये तेथील हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वृत्तपत्रात लेख लिहून, मोठ्या चक्रीवादळाने गॅल्व्हेस्टनचे गंभीर नुकसान होईल ही कल्पना निराधार ठरवली होती. ८ सप्टेंबर १९०० रोजी आलेल्या वादळाने १५ फुटांहून उंच पाणी शहरात चढवले. वादळी उधाण या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार नेहमीच्या भरतीहून वेगळा असतो. वादळाचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे रेटत आणतो आणि उथळ तळामुळे त्याला मागे वळायला जागा न उरल्याने ते जमिनीवर चढते. किनाऱ्यालगतची घरे आधी मोडली, त्यांच्या तुळया आणि फळ्या लाटांबरोबर मागच्या रांगांवर आदळल्या, आणि अशा रीतीने घरांनीच घरे पाडत नेली. अखेर त्या ढिगाऱ्याचाच एक प्रचंड बांध तयार झाला आणि त्याच्या मागचे शहर काही अंशी वाचले. ३ हजार ६०० हून अधिक घरे नष्ट झाली आणि मृतांची संख्या ६ हजार ते ८ हजारांच्या दरम्यान, काही अंदाजांनुसार त्याहूनही जास्त, होती. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसे कधी मेलेली नाहीत.

यानंतर शहर मुख्य भूमीवर हलवणे हा शहाणपणाचा मार्ग ठरला असता, आणि आज तटस्थपणे पाहणाऱ्याला तो सुचतोही. वाचलेल्या लोकांनी मात्र उलट निर्णय घेतला. तीन अभियंत्यांचे मंडळ नेमण्यात आले (त्यांपैकी हेन्री रॉबर्ट हे सभाशास्त्राच्या नियमांवरील प्रसिद्ध अमेरिकी पुस्तकाचे कर्ते) आणि त्यांच्या शिफारशीनुसार १९०२ ते १९०४ या काळात १७ फूट उंचीची, समुद्राकडे अंतर्वक्र पृष्ठभाग असलेली काँक्रीटची भिंत सुमारे ५ किलोमीटर लांबीत उभी राहिली. दुसरी शिफारस अधिक धाडसी होती: भिंतीमागची जमीनच उचलायची. १९०३ ते १९११ या काळात शहराच्या मध्यातून कालवा खणून त्यातून गाळ उपसणारी जहाजे आत आणली गेली, आणि त्यांनी समुद्रतळाची वाळू पाण्यात कालवून नळांवाटे गल्लोगल्ली ओतली; पाणी निथळून गेले की वाळूचा थर मागे राही. त्याआधी २ हजार १०० हून अधिक इमारती स्क्रू जॅकवर तोलून उंच कराव्या लागल्या, आणि हा घर उचलण्याचा खर्च सरकारने नव्हे तर ज्याच्या त्याच्या मालकाने सोसला. सेंट पॅट्रिक चर्च ही सुमारे ३ हजार टन वजनाची इमारत ७०० जॅक लावून ५ फूट वर घेतली गेली. काही वर्षे शहरातले लोक जमिनीपासून उंचावर टाकलेल्या फळ्यांच्या पुलांवरून घर ते दुकान असे ये-जा करीत, खाली काळा दुर्गंधी चिखल पसरलेला असे, आणि खाऱ्या वाळूखाली गाडली गेल्याने झाडे व बागा मेल्या. नंतर नव्याने लावलेल्या झाडांत मीठ सहन करणाऱ्या कण्हेरीचा भरणा मोठा होता, त्यामुळे गॅल्व्हेस्टन आजही कण्हेरीचे शहर म्हणून मिरवते.

ब्रॉडवे या मुख्य रस्त्यावर १८५९ मध्ये बांधलेली ॲश्टन व्हिला ही विटांची हवेली आहे. तिच्या भोवतीचे ओतीव लोखंडाचे नक्षीदार कुंपण पाहणाऱ्याला चमत्कारिक ठेंगणे वाटते, कारण त्याचा खालचा भाग जमीन उचलताना वाळूखाली गेला आणि तसाच राहिला. तळघरही भरून टाकण्यात आले. एका अख्ख्या शहराने आपली पातळी बदलल्याची ही खूण इतकी साधी आहे की माहीत नसल्यास ती नजरेतून सहज सुटते.

भिंतीने आपले काम केले. १९१५ मध्ये जवळपास तितकेच प्रबळ वादळ आले तेव्हा शहरातील प्राणहानी १९०० च्या तुलनेत अगदीच थोडी झाली. पण काँक्रीटची ताठ भिंत लाटेची ताकद शोषून घेत नाही, ती परतवते, आणि परतणारी लाट भिंतीच्या पायथ्याची वाळू ओढून नेते. शिवाय भिंतीआड अडकलेली वाळू पुळणीला मिळेनाशी होते. परिणामी भिंतीसमोरची रुंद पुळण काही वर्षांतच बहुतांशी नाहीशी झाली आणि पायथ्याशी ग्रॅनाइटचे धोंडे रचावे लागले. तेथे आज जी वाळू दिसते ती वारंवार आणून टाकावी लागते. पुढे भिंत टप्प्याटप्प्याने वाढवत १९६० च्या दशकाच्या आरंभी सुमारे १६ किलोमीटरपर्यंत नेली गेली आणि तेथे ती थांबली. बेटाचा उरलेला पश्चिमेकडचा मोठा भाग उघडा आहे. म्हणजे गॅल्व्हेस्टनमध्ये घर शोधणाऱ्याला जी निवड करावी लागते ती मुळात भिंतीच्या आत की भिंतीपलीकडे अशी असते: आत संरक्षण आहे पण समुद्र रस्त्यापलीकडे आणि पायऱ्यांखाली आहे, पलीकडे समुद्र थेट दारात आहे आणि मध्ये काहीही नाही. दोन्ही एकत्र मिळण्याची सोय नाही, आणि मालमत्तेच्या दलालांच्या माहितीपत्रकांत ही गोष्ट इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिलेली सहसा नसते.

आतल्या भागाचे आकर्षण जुन्या घरांचे आहे, आणि ती घरे टिकली याचे श्रेय काही अंशी शहराच्या दुर्दैवाला द्यावे लागते. १९१४ मध्ये ह्यूस्टनपर्यंत खोल जलमार्ग खुला झाला, व्यापार आत सरकला आणि गॅल्व्हेस्टन मागे पडले. पैसा नसल्याने जुने पाडून नवे बांधण्याची घाईही कोणाला नव्हती. पुढे याच बेटावर जन्मलेले तेल-वायू उद्योजक जॉर्ज मिचेल यांनी स्ट्रँडवरच्या अनेक इमारती घेऊन त्यांचा जीर्णोद्धार केला, गॅल्व्हेस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशनने घरोघरच्या जतनाला हातभार लावला, आणि १९०० च्या वादळातून वाचलेल्या घरांवर तशी पाटी लावण्याची प्रथा पडली. लाकडी नक्षीच्या ओसऱ्या, उंच छत, वारा खेळता राहावा म्हणून समोरासमोर ठेवलेल्या उभ्या खिडक्या आणि दारावर ‘१९०० च्या वादळातून वाचलेले’ ही पाटी, अशा घराला गिऱ्हाईक मिळतेच. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आपत्तीतून वाचणे ही आजच्या सुरक्षिततेची हमी होत नाही हे उघड आहे, तरी पाटीचा मनावर होणारा परिणाम वेगळाच असतो. ऐतिहासिक वसाहतीत घर घेणाऱ्याला बाहेरच्या रंगापासून खिडकीच्या तावदानापर्यंतच्या बदलांसाठी नगरपालिकेच्या वारसा नियमांतून जावे लागते, आणि खाऱ्या हवेत लाकूड व लोखंड यांची डागडुजी कधीच संपत नाही.

भिंतीपलीकडच्या पश्चिम टोकाला, ज्याला स्थानिक लोक वेस्ट एंड म्हणतात, दुसऱ्या महायुद्धानंतर आखलेल्या जमैका बीच, पायरेट्स बीच, सी आइल अशा वसाहती आहेत. त्यांची नावे कॅरिबियन समुद्राची आणि चाच्यांची आठवण देणारी ठेवण्यामागे विक्रेत्यांची दृष्टी होती, हे सांगायला नको. (जाँ लाफित हा फ्रेंच चाचा १८१७ ते १८२१ या काळात खरोखरच या बेटावर तळ देऊन होता, एवढा आधार मात्र त्याला आहे.) येथील घर जमिनीवर बसत नाही. खोलवर ठोकलेल्या जाड लाकडी खांबांवर, जमिनीपासून एक मजला किंवा त्याहून उंच, राहण्याचा भाग उभा केलेला असतो आणि खाली मोकळ्या जागेत मोटार, मासेमारीचे सामान, वाळू धुण्यासाठीचा उघडा शॉवर आणि झोपाळा असतो. खाली भिंती घातल्याच तर त्या पाण्याच्या दाबाने सहज सुटून पडाव्यात अशा हलक्या ठेवाव्या लागतात, कारण घट्ट भिंत पाणी अडवते आणि खांबांनाच ओढून नेते. छप्पर, भिंती आणि खांब एकमेकांना पोलादी पट्ट्यांनी जखडलेले असतात, म्हणजे वारा छताखाली शिरून ते उचलू पाहील तेव्हा सर्व सांगाडा एकसंध ताण देईल. या बांधणीत लपवाछपवी नाही. धोका काय आहे हे घराच्या आकारावरूनच कळते, आणि त्या दृष्टीने ही घरे त्यांच्याविषयीच्या जाहिरातींपेक्षा प्रामाणिक आहेत.

समुद्राला लागून असलेल्या घरांना पहिली रांग आणि त्यांच्या मागच्यांना दुसरी रांग म्हणतात, आणि पहिल्या रांगेचा भाव अर्थातच चढा असतो. टेक्सासचा आखाती किनारा १९३० च्या दशकापासून सरासरीने वर्षाला सुमारे ४ फूट मागे हटत आला आहे. सरासरी ही संपूर्ण राज्याची असल्याने एखाद्या ठिकाणी ती त्याहून पुष्कळ जास्त, तर काही ठिकाणी उलटीही आढळते. बेटाच्या अगदी पूर्व टोकाला, बंदराच्या मुखाशी घातलेल्या दगडी बांधामुळे वाळू अडून पुळण रुंदावत गेली आहे, तर पश्चिमेला भिंत संपल्याबरोबर झीज वाढते. वादळानंतर पहिली रांग वाहून गेली की दुसरी रांग पहिली होते. ही गोष्ट तेथे अर्धवट विनोदाने सांगितली जाते, पण व्यवहारात ती खरी आहे.

जमिनीची मालकी कोठे संपते हा प्रश्न टेक्सासने १९५९ च्या मुक्त पुळण कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न केला. त्यानुसार पुळणीचे दोन पट्टे कल्पिले जातात: भरती-ओहोटीच्या मधला ओला पट्टा राज्याच्या मालकीचा, आणि त्याच्या वर जेथून गवत व झुडपे सुरू होतात त्या वनस्पतीरेषेपर्यंतचा कोरडा पट्टा खाजगी मालकीचा असला तरी जनतेच्या वहिवाटीला मोकळा. लोकांना तेथे चालण्याचा, बसण्याचा, पोहायला उतरण्याचा हक्क असतो आणि मालकाला तेथे कुंपण घालता येत नाही. वनस्पतीरेषा मागे सरकली की वहिवाटही तिच्याबरोबर मागे सरकते असा अर्थ सरकारने अनेक वर्षे लावला. त्याचा परिणाम असा, की कालपर्यंत झुडपांमागे असलेले घर एका वादळानंतर सार्वजनिक पुळणीवर उभे असल्याचे ठरू शकते. म्हणूनच किनाऱ्याजवळची मिळकत विकताना विक्रेत्याने खरेदीदाराला एक ठरावीक मजकुराची लेखी सूचना देणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यात झीज किंवा वादळ यांमुळे हे बांधकाम पुढेमागे सार्वजनिक पुळणीवर येऊ शकते, तसे झाल्यास राज्य ते हटवण्यासाठी दावा लावू शकते आणि त्या हटवण्याचा खर्च मालकाच्या माथी येऊ शकतो, असे स्पष्ट लिहिलेले असते. अशा कागदावर सही करून, त्याच टेबलावर किल्ली घेऊन, माणसे आनंदाने बाहेर पडतात.

या व्यवस्थेला २००५ च्या रिटा वादळानंतर न्यायालयात आव्हान मिळाले. पश्चिम भागात भाड्याने देण्यासाठी घरे घेतलेल्या एका मालकिणीने, वनस्पतीरेषा एका रात्रीत मागे गेली म्हणून आपल्या जागेवर जनतेचा हक्क आपोआप कसा येतो, असा प्रश्न उभा केला. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पाच विरुद्ध तीन अशा बहुमताने तिच्या बाजूने निर्णय दिला. हळूहळू होणाऱ्या झिजेबरोबर वहिवाट सरकू शकते, पण वादळाने अचानक झालेल्या बदलामुळे ती पूर्वी वहिवाट नसलेल्या खाजगी जमिनीवर चढू शकत नाही, असा भेद त्यात केला गेला, आणि त्यासाठी टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असतानाच्या १८४० च्या जमीनदानाच्या दस्तऐवजाचा आधार घेण्यात आला, ज्यात जनतेसाठी कोणताही हक्क राखून ठेवलेला नव्हता. विजय मालकांचा झाला खरा, पण २०१० मध्ये या खटल्यातला पहिला निर्णय आल्यावरच राज्याने त्या भागात सुमारे ४ कोटी डॉलर खर्चून वाळू टाकण्याची योजना गुंडाळली होती, कारण खाजगी ठरू पाहणाऱ्या पुळणीवर सरकारी पैसा खर्च करणे अडचणीचे होते. पुळण स्वतःची हवी आणि तिच्यावरची वाळू सरकारची हवी, या दोन इच्छा एकत्र नांदत नाहीत हे या प्रकरणाने दाखवले.

किमतीनंतरचा सर्वांत मोठा खर्च विम्याचा. सर्वसाधारण गृहविमा किनाऱ्यावर अपुरा पडतो, कारण वारा आणि पाणी या दोन्हींपासूनचे संरक्षण स्वतंत्रपणे घ्यावे लागते. खाजगी कंपन्या वाऱ्याची जोखीम घ्यायला नाखूश असल्याने राज्याच्या विधिमंडळाने १९७१ मध्ये टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशन ही शेवटचा आधार ठरणारी संस्था निर्माण केली. तिचा विमा मिळण्यासाठी बांधकाम वाऱ्याला टिकेल असे असल्याचा डब्ल्यूपीआय-८ हा दाखला लागतो, आणि जुने घर घेणाऱ्याने तो कागद आहे की नाही हे सौद्याआधीच पाहणे इष्ट असते. पुराचा विमा १९६८ पासून मुख्यतः संघराज्य सरकारच्या योजनेतून दिला जातो. त्यात एका घराच्या बांधकामासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि आतील सामानासाठी एक लाख डॉलर एवढेच मिळू शकतात, त्यामुळे महागड्या घरांना त्यावर आणखी खाजगी विमा घ्यावा लागतो. पुराच्या धोकाक्षेत्रात असलेल्या घरावर कर्ज काढले तर हा विमा सक्तीचाच होतो. १९८२ च्या एका कायद्याने देशभरातील रोधक बेटांच्या अनेक अविकसित पट्ट्यांत नव्या बांधकामाला हा सरकारी विमा नाकारला आहे: तेथे बांधायला बंदी नाही, पण बुडाल्यास भरपाई करदात्यांच्या खिशातून मिळणार नाही. किनारी विकासाबाबतच्या अमेरिकी कायद्यांत इतके नेमके आणि स्वस्त उपाय थोडेच आहेत. दोन वेगळ्या विम्यांमुळे एक विलक्षण वादही उद्भवतो: वादळानंतर जागेवर नुसते खांब उरले असतील, तर घर आधी वाऱ्याने मोडले की पाण्याने, हे सिद्ध कोणी आणि कसे करायचे?

१३ सप्टेंबर २००८ रोजी आलेल्या आइक वादळाने हा प्रश्न हजारो घरांसमोर ठेवला, आणि भिंतीच्या आतल्यांचाही आपण सुरक्षित आहोत हा समज चुकीचा ठरवला. वाऱ्याच्या वेगानुसार आइक दुसऱ्या श्रेणीचे होते, पण त्याचा विस्तार प्रचंड असल्याने उधाण मोठे आले, आणि भिंतीने आखाताचे पाणी अडवले तरी ते मागच्या खाडीत भरून बेटावर मागच्या दाराने शिरले. शंभर वर्षांपूर्वी जमीन उचलताना ती भिंतीपाशी सर्वांत उंच आणि खाडीकडे उतरती ठेवली होती. त्यामुळे समुद्रालगतचा भाग तुलनेने कोरडा राहिला आणि समुद्रापासून लांबचे स्ट्रँड कित्येक फूट पाण्यात गेले. शहरातील बहुसंख्य घरांत पाणी शिरले आणि खाऱ्या पाण्याने हजारो जुने ओक वृक्ष वाळले. त्यांपैकी काहींच्या खोडांतून पुढे शिल्पे कोरली गेली आणि आता ती पाहायला पर्यटक येतात. लोकसंख्या २००० मध्ये ५७ हजारांवर होती, ती २०१० मध्ये ४८ हजारांच्या खाली गेली आणि २०२० पर्यंत ५३ हजार ७०० च्या आसपास परत आली. परत आलेली माणसे मात्र सगळी तीच नव्हती. पडके घर दुरुस्त करण्याची ऐपत नसलेली, भाड्याने राहणारी कुटुंबे पुष्कळ अंशी मुख्य भूमीवरच राहिली. भर म्हणून समुद्रही वर येतो आहे: येथील भरतीमापकावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून समुद्राची पातळी दोन फुटांहून अधिक वाढलेली दिसते, आणि जगाच्या सरासरीपेक्षा हा वेग जास्त असण्याचे कारण म्हणजे भूजल व खनिज तेल यांच्या उपशाने, तसेच गाळ दबत गेल्याने, जमीनही खचते आहे.

बेटावर बारमाही राहणारे आणि बेटावर मिळकत असणारे हे आता बरेचसे वेगळे लोक आहेत. १८९१ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय विद्यापीठ तेथील मोठा रोजगार देते (सर्वाधिक घातक विषाणूंवर संशोधन करणारी प्रयोगशाळाही याच वाळूवर उभारलेली आहे, ही वस्तुस्थिती ऐकणाऱ्याला थोडी दचकवते), पण तेथील अनेक कर्मचारी, शिक्षक आणि हॉटेलांतले कामगार रोज पूल ओलांडून येतात, कारण बेटावरचे घर त्यांना परवडत नाही. वेस्ट एंडची पुष्कळ घरे सुटीपुरती भाड्याने दिली जातात. त्यासाठी नगरपालिकेकडे नोंदणी करावी लागते आणि हॉटेलांप्रमाणे कर भरावा लागतो. भाड्याच्या उत्पन्नातून कर्जाचा हप्ता फिटेल असा हिशोब खरेदीदार मांडतात, पण उत्पन्न उन्हाळ्यात एकवटलेले असते आणि वादळांचा मोसमही जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचाच आहे. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नसल्याने मालमत्ता कर भारी असतो. स्वतः राहत असलेल्या घराला त्यात मिळणारी मोठी सूट सुटीच्या घराला लागू होत नाही.

ह्यूस्टन परिसरातील मराठी कुटुंबांना गॅल्व्हेस्टन शनिवार-रविवारच्या सहलीमुळे ओळखीचे आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाही रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या सवलतीखाली, आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवून परदेशात स्थावर मिळकत घेता येते. तथापि अलिबाग, दिवेआगर किंवा गोव्यात ‘सेकंड होम’ पाहणाऱ्या वाचकाला गॅल्व्हेस्टनचा उपयोग वेगळ्या कारणाने आहे. भारतात १९९१ पासून लागू असलेले किनारी नियमन, म्हणजे सीआरझेड, घर कोठे बांधू द्यायचे हे भरतीरेषेपासून मोजून आधीच ठरवते. ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरचा, आणि २०१९ च्या अधिसूचनेनुसार दाट वस्ती असेल तेथे ५० मीटरचा, पट्टा बांधकामाला बंद असतो. टेक्सासची पद्धत बांधू देण्याची आणि समुद्र आल्यावर वहिवाटीचा प्रश्न काढण्याची आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा आणि छपरे उडवली, तेव्हा किनाऱ्यालगतच्या जागेची चौकशी करणाऱ्यांना भरतीरेषेपासूनच्या अंतराचे महत्त्व काही काळ तरी वेगळे सांगावे लागले नसावे.

आइकनंतर टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या गॅल्व्हेस्टन शाखेतील विल्यम मेरेल यांनी खाडीच्या मुखाशी बंद करता येणारे दरवाजे आणि किनारी तटबंदी यांची कल्पना मांडली, आणि तिला लोकांनी ‘आइक डाइक’ हे नाव दिले. लष्कराच्या अभियंता दलाने २०१८ मध्ये जो आराखडा पुढे ठेवला त्यात वेस्ट एंडवर रस्त्याच्या कडेने मातीचा उंच बंधारा घालण्याची सूचना होती, म्हणजे रस्त्यापलीकडची, समुद्राकडची सर्व घरे बंधाऱ्याच्या बाहेर पडली असती. रहिवाशांनी कडाडून विरोध केला. सुधारित आराखड्यात बंधाऱ्याऐवजी १२ आणि १४ फूट उंचीच्या वाळूच्या दुहेरी टेकड्या आणि रुंद पुळण आली, बोलिव्हर व वेस्ट एंड मिळून सुमारे ६९ किलोमीटर लांबीची. भिंतीपेक्षा ही रचना समुद्राशी मिळतीजुळती असली तरी झीज होईल तशी तिच्यावर दर काही वर्षांनी नवी वाळू ओतावी लागेल, आणि सार्वजनिक पैशातून पडलेल्या त्या वाळूवर सर्वांना पाय ठेवू द्यावा लागेल. अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२२ मध्ये या प्रकल्पाला मंजुरी दिली, तेव्हाचा अंदाज ३४ अब्ज डॉलर होता आणि नंतर महागाई धरून तो ५७ अब्जांपर्यंत गेला. मंजुरी म्हणजे निधी नव्हे. संघराज्याच्या वाट्यातली रक्कम आरंभीच्या काळात नाममात्रच मिळाली. काम पैशाअभावी न अडता चालले तरी त्याला साधारण दोन दशके लागतील, तर वेस्ट एंडच्या दुसऱ्या रांगेतले घर आज कर्जावर घेणाऱ्याचा शेवटचा हप्ता सहसा तिसाव्या वर्षी येतो, आणि मधल्या काळात त्याच्या विम्याचे नूतनीकरण दर वर्षी नव्या दराने होत राहते.